काठ राखला तर शेत राहील

दसरा झाला आणि पावसाने पाठ फिरवली की कृष्णेचं पाणी निवळायला लागतं. गढूळपणा खाली बसतो, काठावरचा गाळ वाळतो, त्याला भेगा पडतात. अशाच दिवसांत, कोजागरीनंतरच्या एका सकाळी आम्ही औदुंबरच्या घाटावरून होडीत बसलो. वर आमणापूरच्या अंगाला गेलो आणि धारेबरोबर परत खाली भिलवडीच्या पुलापर्यंत आलो. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला नदी काही नवी नाही. पण आपण ती बघतो बांधावरून, मोटार चालू करता करता. होडीतून बघितलं म्हणजे आपलंच शेत पलीकडून दिसतं, आणि नदीचं आपण काय करून ठेवलं आहे तेही दिसतं. म्हणून हा प्रपंच.

आधी चांगलं सांगतो. घाट सोडला की वाळुंज, करंज, उंबर अशी झाडं पाण्यावर वाकलेली आहेत. खाली लव्हाळा माजलेला. एका वठलेल्या बाभळीवर चार पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत राहतो आणि दगड पडावा तसा खाली पडतो. वर येतो तेव्हा चोचीत मासळी असते. चिखलाच्या कडेला शेपटी हलवत फिरणारा धोबी दिसला. हा पाहुणा दरसाल पावसाळा सरताना उत्तरेकडून येतो. बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे जुने खोपे लोंबत होते. एका ठिकाणी मातीची उभी दरड होती आणि तिला चाळणीसारखी भोकं. ही वेड्या राघूची आणि खंड्याची घरटी. उन्हाळ्यात त्यांची पिल्लं याच बिळांत वाढतात. राघू किडे खातो, बगळा नांगरामागून हुमणीच्या अळ्या वेचतो. मजुरी न मागणारे हे गडी आहेत.

पुढच्या वळणावर होडीवाल्या मामांनी वल्हं थांबवलं. समोरच्या उतारावर मगर उन्हाला आली होती. तोंड उघडं, अंग सुस्त. आमची चाहूल लागली तशी आवाज न करता पाण्यात सरकली. सकाळी हवा गार होऊ लागली की मगरीला ऊन खायला बाहेर यावंच लागतं, कारण तिचं रक्त आपल्यासारखं गरम राहत नाही. त्यासाठी तिला हवा असतो शांत, उताराचा काठ. अंडी घालायलाही तसाच काठ लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाला ती कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात.

आता वाईट. जिथे झाडं संपतात तिथे ऊस अगदी पाण्याच्या कडेपर्यंत आला आहे. त्याच्या पुढे मळीची माती जेसीबीने उचलून नेलेली, काठ सुरीने कापावा तसा उभा कापलेला. तिथे ना बीळ, ना झाड, ना मगरीला बसायला जागा. आणि लक्षात घ्या, असा काठ पूर चढताना ढासळत नाही तितका उतरताना ढासळतो. माती पाणी पिऊन जड झालेली असते, बाहेरच्या पाण्याचा आधार झपाट्याने सुटतो, मुळं धरायला नसतात. मग दरडच्या दरड खाली येते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. कितीजणांचे गुंठे नदीत गेले ते ज्याचं त्याला माहीत. सातबाऱ्यावर मात्र ते तसेच उभे आहेत!

काठावर उतरलो तेव्हा एक तात्या म्हणाले, "सायेब, पाखरं काय मोजताय? मगरीचं लिवा की जरा." त्यांचं म्हणणं खरं आहे. या पट्ट्यात मगरीने माणसं ओढून नेली आहेत, त्यांत लहान पोरंही होती. ज्याच्या घरात असं घडलं त्याला निसर्गाचं कौतुक सांगू नये. पण मगर हाकलून नदी सोडणार नाही आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला मारताही येत नाही. मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. मेलेलं जनावर, कोंबड्यांची घाण नदीत टाकू नका. आयतं खाणं मिळालं की मगर तिथेच मुक्काम करते. मोटारीचा फुटव्हॉल काढायला एकट्याने, अंधारात पाण्यात उतरू नका. धुण्याची, जनावरं पाजण्याची जागा ठरवा आणि तिथे जाळी लावून घ्या. मगरीची बसायची जागा मोडू नका. तिथून उठवलेली मगर तुमच्या घाटावरच येणार. हल्ला झाला तर ताबडतोब वनखात्याला कळवा. १९२६ हा त्यांचा फुकट फोन आहे. शासनाच्या भरपाईच्या यादीत मगर आहे, पण पंचनामा वेळेवर झाला तरच पैसे हातात पडतात.

दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांना. तलाठी भाऊसाहेब, आता तुम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदललं तरी काठ तुमच्याच सज्जात आहे. विनापरवाना माती-वाळू उचलणाऱ्याला महसूल कायद्याच्या कलम ४८(७) खाली दंड करता येतो. रात्री कुणाचे ट्रॅक्टर जातात हे गावाला ठाऊक असतं, तुम्हालाही असतं. सरपंच आणि पोलीस पाटलांनी अशा वेळी भाऊसाहेबांच्या पाठीशी उभं राहावं, एकट्याला पुढे घालू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक नोंदवही हवी. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात आहे. ती काढा. मगर कुठे बसते, खंड्याची दरड कुठे आहे, जुनी झाडं किती, हे शाळेच्या पोरांकडून लिहून घ्या. नदीत मळीचं पाणी आलं तर तारीख-वार टिपून ठेवा. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो विसरून चालणार नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडे मागणं एकच. पाण्याकडेच्या दोन-तीन सऱ्या सोडा. तिथे करंज, वाळुंज, बांबू लावा, लव्हाळा उगवेल तो उपटू नका. दोन-तीन सऱ्यांचा ऊस जाईल हे खरं. पण एका महापुरात दरडीबरोबर किती जातो त्याचा हिशेब तुम्हीच मांडा. येत्या रविवारी जमलं तर अर्धा तास होडीत बसा आणि आपलं शेत नदीतून एकदा बघून या.