दगड चिरडत कां नाहीं ?

गेल्या रविवारीं शिरगांवांतील आमच्या शेजारचीं चार मुलें बरोबर घेऊन आम्ही अंबरनाथचें शिवमंदिर पाहावयास गेलों होतों. शिलाहार राजांच्या काळचें हें काळ्या दगडाचें देऊळ. तेथील शिलालेखाचा काळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा मानितात. सभामंडपांतील कोरीव खांबांकडे टक लावून पाहत एक चुणचुणीत मुलगी आम्हांस म्हणाली, "काका, साडेनऊशें वर्षें एवढें ओझें डोक्यावर घेऊन या खांबांचा चुरा कसा झाला नाहीं हो ?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचें उत्तर तुम्हांसही घरच्या घरीं काढतां येईल. खडूची एक कांडी मेजावर उभी धरून वरून तळहातानें सरळ दाबा. बराच जोर केला तरी ती दाद देणार नाहीं. आतां तीच कांडी दोन्ही हातांत आडवी धरून किंचित् वांकवा. कट्कन् मोडली !

असें कां व्हावें ? एक लांबट रबर घ्या, त्याच्या कडेवर शाईनें जवळजवळ उभ्या रेघा ओढा आणि मध्य खालीं दबेल असें तें वांकवा. वरच्या अंगास रेघा दाटीनें एकत्र येतील, खालच्या अंगास फांकतील. म्हणजे वांकणारी वस्तु एकीकडे दाबली जाते व दुसरीकडे ताणली जाते.

दगडांत डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा असतात. दाबानें त्या मिटतात; ताणानें त्यांचीं तोंडें उघडतात व दगड दुभंगतो. म्हणून तो जेवढा दाब सोसतो, त्याचा सुमारें दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमीच, ताण त्यास सोसतो.

सह्याद्रीचा चांगला काळा दगड दर चौरस सेंटिमीटरास हजार किलोग्रॅम भार पेलतो. एक चौरस सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर उंच असा त्याचा तुकडा सुमारें तीनशें ग्रॅम भरतो. आतां गणित करा. तळचा दगड चिरडण्यास वर तीन किलोमीटरांहून उंच रास हवी. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. तेव्हां तिच्यावर दुसरी कळसूबाईच ठेवावी लागेल!

जुन्या पाथरवटांना हें मर्म पुरतें ठाऊक होतें. खांब जवळ जवळ, तुळया आंखूड व जाड, आणि छत दगडांचे थर थोडथोडे पुढें काढीत वर मिटविलेलें. दगडावर ताणाचा प्रसंग त्यांनीं होतां होईतों येऊं दिला नाहीं.

आपल्या घरांतील काँक्रीट हाही एक दगडच. त्याचे १५ सेंटिमीटरांचे घन २८ दिवसांनीं यंत्रांत दाबून परीक्षा घेतात. परंतु स्लॅब वांकतो, म्हणून ताण सोसण्यासाठीं त्याच्या पोटांत लोखंडी सळया घालितात. मोनिए नांवाच्या फ्रेंच माळ्यानें लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचें पेटंट १८६७ मध्यें घेतलें होतें, युक्ति तीच. मात्र पाणी मुरून सळईस गंज चढला कीं ती फुगते, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि ताण सोसणारें बळच झिजतें. मे २०२१ मध्यें जवळच्या उल्हासनगरांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें प्राणांस मुकलीं. अशा अपघातांचीं कारणें अनेक असतात. गंजलेली सळई हें त्यांतील एक.

हें ऐकून ती मुलगी एकदम गंभीर झाली. "काका, आमच्या न्हाणीघराच्या छतावर तांबूस डाग पडले आहेत, आणि गिलावा फुगला आहे !" दुसऱ्याच दिवशीं तिच्या वडिलांनीं इंजिनिअरास बोलावून छत ठोकून पाहविलें. आंतील सळया गंजल्याच होत्या. आतां दुरुस्ती चालूं आहे.

मुलांनो, आज आपल्या घराचीं छतें एकवार नीट पाहा. आणि तसा डाग दिसला, तर वडील मंडळींस सांगण्यास उद्यांची वाट पाहूं नका.