गणिताच्या मास्तरास कोण शिकविणार ?

आज मी माझ्याच चुकीची हकीकत तुमच्यापुढें मांडणार आहें. मास्तरानें आपलें अज्ञान चव्हाट्यावर आणूं नये असा रिवाज आहे. पण त्या अज्ञानाचा दंड तुमच्या मुलांस भरावा लागतो, म्हणून हा रिवाज मी मोडतों.

आमच्या गांवांतील एक शेतकरी रोज सकाळीं डेअरीवर दूध घालतो. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, हें तुम्हांस ठाऊकच आहे. एके दिवशीं पावतीवर फॅट ३.८ होती, दुसरे दिवशीं ३.७५ आली. पांचवींतील मुलीनें बापास वाचून दाखविलें, "आबा, फॅट वाढली. आठापेक्षां पंचाहत्तर मोठे." पैसे मात्र कमी पडलेले. बाप तावातावानें भांडावयास गेला आणि चारचौघांत हंसें करून घेऊन परत आला. संध्याकाळीं मुलीला घेऊन तो माझ्या दारीं आला. मीं ऐटींत सांगितलें, "आठापुढें शून्य लाव, म्हणजे ऐंशी, ऐंशी मोठे." मुलगी म्हणाली, "गुरुजी, अडतिसापुढें शून्य दिलें तर तीनशें ऐंशी होतात. मग येथें शून्य देऊन किंमत कां वाढत नाहीं ?" मला उत्तर आलें नाहीं. "तसा नियम आहे," असें म्हणून मीं तिला गप्प बसविलें.

अध्यापक विद्यालयांत मीं दोन वर्षें काढलीं, वीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविलें. पण हा नियम कां, हें मला कोणीं विचारलें नव्हतें व मींही कोणास विचारलें नव्हतें. प्रशिक्षणें मात्र पुष्कळ केलीं. तालुक्याच्या गांवीं सभागृहांत शेंदीडशें मास्तर बसवावयाचे, वरून आलेल्या माणसानें पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवावयाचा, सही, चहा, एक फोटो आणि घर ! २०२० सालीं महामारी आली व प्रशिक्षण मोबाइलवर गेलें. चित्रफीत चालूं ठेवून मास्तर दुसरें काम करतो, आणि प्रमाणपत्र हातीं पडतें. मींही असेंच केलें आहे. खोटें कशास बोलूं?

मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें तें शेजारच्या वाडीवरील एका शिक्षिकेकडून. तिनें सुताराची टेप काढली. ३.८ मीटर म्हणजे तीन मीटर, आणि पुढच्या मीटरच्या दहा भागांपैकीं आठ. ३.७५ म्हणजे तीन मीटर, दहांपैकीं सातच भाग, आणि वर पांच सेंटीमीटर. ती म्हणाली, "अडतिसापुढें शून्य दिलें कीं आठ एककाचें घर सोडून दशकाच्या घरांत जातो. ३.८ च्या पुढें शून्य दिलें तर आठ आपल्या घरांतून हालतच नाहीं." पांच मिनिटांत उलगडा झाला. दुसरे दिवशीं मीं त्या मुलीला वर्गापुढें बोलावून, तुझा प्रश्न बरोबर होता, असें सांगितलें.

हें दुखणें एकट्या माझें नाहीं. लिपिंग मा या विदुषीनें १९९९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिनें अमेरिकेचे २३ व चीनचे ७२ प्राथमिक शिक्षक यांस विचारलें : पावणेदोनास अर्ध्यानें भागा, आणि हें गणित समजेल अशी एक गोष्ट रचा. चीनच्या सर्वांनीं उत्तर बरोबर काढलें व दहांपैकीं नवांनीं गोष्टही बरोबर रचली. अमेरिकेचे निम्मेहि उत्तरापर्यंत पोहोंचले नाहींत. गोष्ट एकालाच साधली. आणि मौज अशी कीं, चीनचे ते शिक्षक पदवीधरही नव्हते; शाळेनंतर दोनतीन वर्षें अध्यापनाचें शिक्षण घेतलेले, आमच्यासारखेच. मग फरक कशाचा ? ते शाळेंत एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा कीस काढीत आणि एकमेकांपासून शिकत. आपल्या गवळणीलाही ती गोष्ट सांगतां येईल : पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापानें मोजलें, तर मापें साडेतीन.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें निवेदन दिलें. शेतकऱ्यांच्या वर्गांतून मास्तर तयार करावे, त्यांस नीट शिकवून बरा पगार द्यावा आणि शाळेंत हिशेब शिकवावा, ही मागणी त्यांत होती. आज आमच्यांतले मास्तर झाले, पगारही बरा झाला. 'नीट शिकवून' एवढें मात्र अपुरें राहिलें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें प्रत्येक शिक्षकास वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलें आहे. पण तास मोजून शहाणपण येत नसतें.

माझें म्हणणें एवढेंच : ५० पैकीं निम्मे तास सभागृहांतून काढून केंद्राच्या शाळांस द्या. महिन्यांतून एकदां आठदहा मास्तरांनीं एका वर्गांत बसावें. एकानें मुलांस पाठ द्यावा, बाकीच्यांनीं पाहावा. मग मुलांच्या वह्या उघडून कोणती चूक कां झाली, याचा विचार करावा. जपानांत ही चाल फार दिवसांची आहे. यास पैसा लागत नाहीं, वेळ लागतो. तो वेळ हल्लीं कागद भरण्यांत आणि फोटो पाठविण्यांत जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षणाबाहेरचीं कामें म्हणून जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढींच ठेवलीं आहेत. बाकीचीं ओझीं उतरवा.

कोणी म्हणेल, एवढा पगार घेणाऱ्या मास्तराला अजून शिकवावयाचें ? बाबांनो, सुतार रोज रंधा पाजळतो, म्हणून त्याला कोणी अडाणी म्हणत नाहीं. न पाजळणाऱ्याचेंच लाकूड फाटतें. आणि आमचें लाकूड म्हणजे तुमचीं पोरें आहेत.

शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद तुम्ही पालक आहां. बैठकींत भिंतींच्या रंगाविषयीं बोलतां, तसें एकदां मास्तरास विचारा, "गुरुजी, या महिन्यांत गणितांत नवें काय शिकलां ? आम्हांस करून दाखवा." प्रथम मास्तर रागावेल. मीही रागावलों असतों. पण त्या प्रश्नाची संवय मला वेळींच लागली असती, तर त्या बापाला डेअरीवर खालीं मान घालावी लागली नसती.

— एक खेडवळ शिक्षक