पहिला धंदा आणि काही गैरसमज



बारावीनंतर नोकरीऐवजी स्वतःचा उद्योग करीन म्हणणारी मुले आपल्याकडे वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी मराठी घरात कोणी असे म्हटले की आई डोळ्याला पदर लावत असे! मात्र सल्ल्याला येणाऱ्यांच्या बोलण्यात काही गैरसमज पुनःपुन्हा आढळतात. त्यांची किंमत शेवटी वडिलांच्या भविष्यनिधीतून नाहीतर आईच्या दागिन्यांतून मोजली जाते, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत मोठा गैरसमज असा की माल चांगला असला की तो आपोआप खपतो. आपल्या देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. त्यांचे मूळ पुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडून ते बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांकडे आले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. नावातले 'ब्रदर्स' हेच. पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली! आमच्या मुलांना दोन महिन्यांत गिऱ्हाईक आले नाही की नशीब फुटके वाटते. पहिल्या दोन वर्षांचा घरखर्च कशावर चालेल, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

दुसरी समजूत भांडवलाची. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना जमीन व कर्ज दिले, त्यातून १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सर्वजण सांगतात. पण तोपर्यंत नांगर शेतात पोहोचला होता, हे विसरतात. आज मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, म्हणून काही घरांत ते अनुदानच समजले जाते. ते फेडायचे असते.

कल्पना कोणी चोरेल म्हणून लपवणारेही भेटतात. त्याविषयी फारसे लिहीत नाही. विकून पाहिल्यावर कळेल.

उधारीबद्दल मात्र लिहायलाच हवे. समजा, मसाल्यांच्या घरगुती उद्योगात महिन्याला २०,००० रुपयांचा माल गेला आणि खर्च १५,००० झाला. वहीत ५,००० नफा दिसतो. पण हाती १२,००० च आले असतील तर पुढच्या महिन्याच्या मिरच्या आणायला ३,००० कमी पडतात. बंद पडलेले कितीतरी छोटे धंदे कागदावर नफ्यातच होते. मालव्यातले दुकानदार 'उधार प्रेम की कैंची है' अशी पाटी लावतात, ती उगाच नव्हे.

विश्वस्त मंडळास विनंती की अकरावीच्या वाणिज्य वर्गातील मुलांना उन्हाळी सुट्टीत पंधरा दिवस गावातील एखाद्या दुकानात बसण्याची परवानगी द्यावी. ज्या पालकांचे दुकान वा कारखाना आहे आणि जे एका मुलाला रोकडवही दाखवायला तयार आहेत, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

— प्राचार्य