गाणं ताणा, पण थाप सांभाळा

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडे वरातीत अहिराणी गाणी वाजतात, आणि कधीकधी गाणारी बाई चक्क चिमणीसारखी चिवचिवते. तिचा गळा तसा नसतो हो! डीजेवाल्या भाऊने नुसता स्पीड वाढवलेला असतो. मिनिटाला ९० ठोक्यांचं गाणं असं १२० वर नेलं की स्वरही ४:३ ने चढतो, म्हणजे 'सा'चा थेट मध्यम.

यावर उपाय टाइम-स्ट्रेचचा. सॉफ्टवेअर आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे तुकडे करतं आणि ते एकमेकांवर सरकवून पुन्हा जोडतं. लय बदलते, स्वर तोच राहतो. बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी यातला 'फेज व्होकोडर' १९६६ मध्येच मांडला होता. आज ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' फुकट मिळतं.

पण लांबलेला सूर ताण सोसतो, ढोलकीची थाप सोसत नाही. ती दोनदा वाजते, नाहीतर पसरट होते. म्हणून माझं मत: ताल आणि गळा वेगवेगळे ताणा, एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल घ्या, आणि ताणलेलं पुन्हा ताणू नका. दरवेळी मूळ फाइलपासून सुरुवात करा.

आणि ती मूळ फाइल जपा राव! अहिराणी पुस्तकांपेक्षा गळ्यांत जास्त जगली आहे. रीमिक्स काय, उद्याही होतील. पण फक्त ताणलेली कॉपीच उरली, तर "आजी हे कसं म्हणायची?" याचं उत्तर कुठलंच सॉफ्टवेअर देणार नाही.