रिस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे!

"राउटर रिस्टार्ट केला, आता चालतंय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मंडळी, दुरुस्त काही झालेलं नसतं, फक्त पुरावा पुसला गेलेला असतो!

इथे अमेरिकेत दवाखान्यांचा फॅक्स अजून सुटलेला नाही. अशाच एका दवाखान्यात फोनवर मधेच 'टिक्' व्हायचं आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फॅक्स अर्ध्यात तुटायचे. दोनदा कार्ड बदललं, टेलिफोन कंपनीला शिव्या घालून झाल्या. दोष निघाला घड्याळाचा.

डिजिटल लाइनवर (आपल्याकडे ई-वन, इथे टी-वन) सेकंदाला ८००० फ्रेम येतात. राउटर स्वतःच्याच घड्याळाने चालला आणि १० लाख ठोक्यांत १० ठोक्यांचा फरक पडला, तर दर १२.५ सेकंदांनी एक फ्रेम गळते किंवा दुबार वाचली जाते. माणूस ती टिचकी सहन करतो, फॅक्स नाही करत.

म्हणून आधी कंट्रोलरचा 'स्लिप' आकडा बघा. वाढत असेल तर घड्याळ लाइनवरून घ्या. सिस्कोच्या २८०० मालिकेत तेवढ्याने भागत नाही, आतल्या व्हॉइस चिपा वेगळ्याच तालावर असतात. त्यासाठी 'नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट' आणि 'नेटवर्क-क्लॉक-सिलेक्ट' या दोन ओळी लागतात. फक्त दोन!

रिस्टार्टने आकडा शून्य होतो, साहेब खूश होतात आणि रात्रपाळीचा पोरगा उद्या पुन्हा बोलणी खातो. साहेब, रिस्टार्ट सांगण्याआधी त्याला तो आकडा तरी विचारा!