वणवा आणि वनांचे राखणदार

रात्रीच्या अंधारात डोंगरउतारावर पेटलेला वणवा दुरून दीपमाळेसारखा भासतो. त्याची दाहकता कळते ती जवळ जाणाऱ्यालाच. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील अल्मोडा जिल्ह्यात, बिनसर अभयारण्यातील आग विझवण्यासाठी गेलेल्या वनखात्याच्या चार कर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला. अशा घटनेनंतर पहारा वाढवा, दंड कठोर करा, ही मागणी होतेच. उपग्रहांकडून आगीची सूचनाही आता लवकर मिळते. हे सारे आवश्यक आहे. परंतु पुरेसे नाही.

हिमालयाच्या मधल्या पट्ट्यात चीड वृक्षांची विस्तीर्ण वने आहेत. उन्हाळ्यात त्यांची सुईसारखी पाने गळून जमिनीवर जाड थर साचतो. या पानांना तेथे ‘पिरूल’ म्हणतात. राळयुक्त असल्यामुळे ती क्षणात पेट घेतात. शेतातील काडीकचरा जाळताना उडालेली ठिणगी, फेकलेली विडी किंवा नवे गवत फुटावे म्हणून लावलेली आग एवढे निमित्त वणव्याला पुरते. म्हणजे वणवा बहुधा माणसाच्या हातून लागतो. म्हणूनच माणसाचे आणि वनाचे नाते कसे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर कुमाऊँच्या इतिहासात आहे. १९११ ते १९१७ या काळात इंग्रज सरकारने तेथील मोठे वनक्षेत्र राखीव केले. चराई, लाकूडफाटा आणि गवतासाठी जमीन जाळण्याची जुनी रीत यांवर निर्बंध आले. १९२१ च्या उन्हाळ्यात संतप्त लोकांनी चिडीची वने पेटवून दिली. मात्र चारा व जळण देणारी, रुंद पानांच्या वृक्षांची वने त्या आगीतून वाचली, हे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे. जे आपले वाटले, ते लोकांनी राखले. सरकारला तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम अस्तित्वात आले. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत; परंतु नियमांतील बदलांमुळे त्यांच्यावरील वनखात्याचे नियंत्रण वाढत गेले.

आग लावणाऱ्यांच्याच हाती वन सोपवणे धोक्याचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. हेतुपुरस्सर आग लावणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु शेकडो मैलांच्या डोंगररांगांवर मोजक्या वनरक्षकांची नजर पुरणार नाही. पहिला धूर दिसतो तो गावाला. त्या क्षणी गावाने धावून जावे अशी अपेक्षा असेल, तर एरवी त्याच वनात त्याला परक्यासारखे वागवून चालणार नाही.

वणवा पेटल्यावर हिरव्या फांद्या घेऊन धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. खरे काम हिवाळ्यात व्हायला हवे. जाळरेषा साफ करणे, वनखात्याच्या देखरेखीखाली साचलेला पाचोळा थोडाथोडा जाळणे, चिडीच्या जोडीला बांजसारखे रुंद पानांचे वृक्ष वाढवणे ही कामे गावाच्या सहभागाने आणि वेळेवर मिळणाऱ्या मजुरीने झाली पाहिजेत. उत्तराखंड सरकारने २०२४ मध्ये पिरूलचा खरेदीदर किलोला ३ रुपयांवरून ५० रुपये करण्याचे जाहीर केले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र चढणीवरून पिरूलचे भारे वाहून आणणाऱ्यांना मोबदला हाती पडेपर्यंत खेटे घालावे लागले, तर चांगली योजनाही कागदावरच राहील. आग विझवणाऱ्याला योग्य साधने, प्रशिक्षण आणि विम्याचे संरक्षण देणे हे तर शासनाचे कर्तव्यच आहे.

वनहक्क कायदा, २००६ याने ग्रामसभेला वनांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार व्यवहारात उतरला, तर वनाचा लाभ आणि वनाची राखण या दोन्ही गोष्टी गावाच्या हाती येतील. कायद्याच्या धाकाने माणूस आग लावण्यापासून परावृत्त होईल. परंतु दुसऱ्याने लावलेली आग विझवायला तो धावेल, ते वन आपले आहे या भावनेनेच.