आधी बिघाड शोधा

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. गेल्या वर्षी त्यांपैकी चार संगणक एका कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवले होते. "बिघडले आहेत, जुने झाले आहेत, भंगारात देऊन टाका," असे सगळेच म्हणत होते. त्यांतील एक संगणक दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने पाहिला होता. "मदरबोर्ड गेला आहे, नवीन संगणक घ्या," असे सांगून तो निघून गेला. भंगारवाला येऊन किलोचा भावही ठरवून गेला होता.

राहिलेल्या सहा संगणकांसमोर साठ मुले बसत. एकाचा हात कीबोर्डवर आणि नऊ जण नुसते पाहणारे! माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी संगणक नाही. मोबाइल असतो, पण तो अब्बांचा किंवा मोठ्या भावाचा. या मुलांना संगणकाला हात लावायला मिळतो तो फक्त शाळेत. म्हणून ते चार संगणक भंगारात जाणे मला पटत नव्हते. पण काय करावे, हेही कळत नव्हते.

एके दिवशी नववीतील एक मुलगी मला म्हणाली, "सर, तो झाकलेला संगणक मी एकदा सुरू करून पाहू का?" मी परवानगी दिली. संगणक सुरू झाला. इंटरनेटवरील कोणतेही पान उघडायला गेले की पडद्यावर इंग्रजीत एक इशारा येई. आम्ही शिक्षक तो इशारा न वाचताच बंद करत होतो. तिने तो शब्दकोश घेऊन वाचला. मग ती म्हणाली, "सर, घड्याळ मागे आहे असे यात लिहिले आहे. कोपऱ्यातील तारीख पाहा ना! कितीतरी वर्षे मागची आहे."

तिने तारीख दुरुस्त केली आणि पान उघडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मात्र तारीख पुन्हा मागे गेली होती. आता प्रश्न सोपा झाला होता. वीज बंद झाल्यावर संगणक तारीख का विसरतो? मदरबोर्डवर नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. तिचा नंबर बहुधा सीआर २०३२ असतो. वीज नसताना तीच आतले घड्याळ चालू ठेवते. ती संपली की तारीख हरवते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाची तारीख चुकीची असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो पान उघडू देत नाही. घड्याळाच्या दुकानातून आणलेल्या बॅटरीने तो संगणक बरा झाला. चार-पाच कप चहाच्या किमतीत काम झाले. मदरबोर्ड अगदी ठीक होता!

मुलांनो, त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले आहे. यंत्र टाकून देण्यापूर्वी त्याचा बिघाड शोधला पाहिजे, आणि बिघाड शोधायला शाळेतच शिकवले पाहिजे.

आपले मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. माग बंद पडला म्हणून कोणी तो लगेच भंगारात विकतो का? मिस्त्री येतो. तो आधी पाहतो, धागा तुटला आहे का? धोटा अडकला आहे का? पट्टा सैल झाला आहे का? मोटर जळली असेल, ही शंका तो शेवटी घेतो. सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे जायचे, ही त्याची रीत. संगणकालाही हीच रीत लागू पडते.

उरलेले तीन संगणक आम्ही याच रीतीने तपासले. एक संगणक सुरूच होत नव्हता. बटण दाबले की तो 'बीप, बीप' असा आवाज करी आणि पडदा काळाच राही. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि काही चुकले तर अशी हाक मारतो. आम्ही वीज बंद केली, प्लग काढला आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी कडेवर मळ जमला होता. पेन्सिलीचा मळ नसलेला खोडरबर तिच्यावर हलकेच फिरवला, पट्टी पुन्हा नीट दाबून बसवली आणि संगणक सुरू झाला.

दुसरा संगणक दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडे. त्याची पेटी उघडली तेव्हा आम्हांला हसूच आले. प्रोसेसरवरील पंख्यात कापसाच्या तंतूंची जाड गादी बसली होती. हवा लागत नव्हती. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. ब्रशने पंखा साफ केला, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन लावली आणि त्रास संपला.

शेवटचा संगणक मात्र खरोखरच गेला होता. त्याचा मदरबोर्ड जळला होता. पण त्याची रॅम, कीबोर्ड आणि माउस चांगले होते. ते इतर संगणकांना उपयोगी पडले.

या कामात आम्ही एक नियम पाळला. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा. केबल, रॅम आणि सॉफ्टवेअर तिन्ही एकदम बदलले, तर संगणक कशामुळे सुरू झाला हे कधीच कळत नाही. भाग बिघडला आहे की नाही याची शंका असेल, तर चालू संगणकाचा तसाच भाग लावून पाहावा. हा सर्वांत खात्रीचा उपाय.

संगणकाचे भाग असे बदलता येतात, याला इतिहास आहे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्यात इतर कंपन्यांचे कार्ड बसवण्यासाठी खाचा ठेवल्या होत्या आणि त्याची तांत्रिक माहितीही खुली होती. त्यामुळे अनेक कंपन्या एकमेकांशी जुळणारे भाग बनवू लागल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या रांगा आहेत, त्या याच खुलेपणाच्या बळावर.

काही लोक म्हणतात, "जुन्या संगणकावर पैसे घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे." हे नेहमी खरे नाही. संगणक हळू चालत असेल, तर तो कशामुळे हळू आहे हे आधी पाहावे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि एक सुई त्यांवरून माहिती शोधते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली की जुना संगणकही झटपट सुरू होतो. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ जीबी केल्याने एकाच वेळी अनेक कामे करणे सोपे जाते. मात्र खरेदीपूर्वी भाग जुळतो का हे तपासावे. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात.

आता सॉफ्टवेअरचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक एका तारखेने 'जुने' ठरले. ते बंद पडत नाहीत, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळाल्या नाहीत तर इंटरनेटवर त्यांना धोका वाढतो. अशा संगणकांवर लिनक्स घालता येते. लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने केली. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याची रूपे मोफत मिळतात. केरळमधील सरकारी शाळा अनेक वर्षांपासून असे मोफत सॉफ्टवेअर वापरत आहेत. युनिकोडमुळे त्यावर उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतात. पण ज्यांचे काम इनपेजवर चालते त्यांनी घाई करू नये, कारण इनपेज विंडोजसाठी बनवलेले आहे. आपली गरज पाहूनच बदल करावा.

काही गोष्टींत मात्र धाडस करू नका. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढा आणि शिक्षकांना किंवा मोठ्यांना जवळ बोलवा. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो. कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवा. भाग नवा मिळेल, हरवलेली फाइल मिळणार नाही. दुरुस्तीचा खर्च चांगल्या वापरलेल्या संगणकाच्या किमतीएवढा होत असेल, तर हट्ट धरू नका. आणि जे खरोखर टाकायचे ते कोठेही टाकू नका. जुन्या यंत्रांत शिसे असते, काही जुन्या पडद्यांत पाराही असतो. तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर पसरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणीकृत केंद्राकडेच गेला पाहिजे.

आपल्या शाळांत संगणकाच्या भागांची नावे पाठ करून घेतात. रॅम म्हणजे काय, हे मुले परीक्षेत बरोबर लिहितात. पण रॅम हातात घेतलेली मुले किती? माझे म्हणणे असे की, प्रत्येक शाळेने एक बंद पडलेला संगणक मुलांना उघडायला द्यावा. त्यातून तंत्र तर कळेलच, पण त्याहून मोठी गोष्ट कळेल. ती म्हणजे कोणी "गेले, संपले" म्हटले की लगेच मान हलवू नये. स्वतः पाहावे, वाचावे, विचारावे.

आज आमच्या कक्षात नऊ संगणक चालू आहेत. एकावर दहा मुले बसत, तेथे आता सहा-सात बसतात. संख्या अजूनही जास्तच आहे. नवे संगणक हवेतच, आणि त्यासाठी आमची मागणी चालू आहे. पण हाती असलेले तीन संगणक वाचले, ते एका मुलीने पडद्यावरचा इशारा बंद न करता वाचला म्हणून.